श्रेढीव्यवहारातले भास्कराचार्य

लीलावती हे नाव ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर क्वचितच आढळेल. त्या ग्रंथातील एखादे उदाहरण कागदावर मांडून सोडवून पाहिलेले घर मात्र दिवा घेऊन शोधावे लागेल. भास्कराचार्यांची कन्या, तिच्या विवाहाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, चुकलेली वेळ आणि खिन्न झालेल्या मुलीच्या समाधानासाठी पित्याने रचलेला ग्रंथ ही कथा आपण आजीच्या तोंडून ऐकतो व मुलांना सांगतो. कथा गोड आहे, परंतु ती आपल्याला प्रथम भेटते ती अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे आचार्यांनंतर सुमारे चार शतकांनी. खुद्द लीलावती ग्रंथात तिचा मागमूस नाही. तेथे उदाहरण सोडविणारा कधी बाला असतो, कधी मित्र, कधी वत्स, कधी कुशल गणक, तर कधी व्यापारी. म्हणून प्रस्तुत लेखात कथा बाजूस ठेवून त्या ग्रंथातील एका लहानशा प्रकरणाच्या वाटेने आचार्यांपर्यंत जाण्याचा विचार आहे. त्या प्रकरणाचे नाव श्रेढीव्यवहार.

आचार्यांनी आपला जन्मकाळ स्वतःच नोंदवून ठेवला, हे आपल्या इतिहासातील दुर्मीळ भाग्य होय. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग. गोत्र शांडिल्य. पिता महेश्वर हेच गुरू. निवासस्थान सह्य पर्वताच्या सान्निध्यातील विज्जडविड नावाचे नगर, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, शके ११०५ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला. छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्त सांगणारा पंडित उतारवयात पंचांगकर्त्यांच्या रोजच्या उपयोगाचे कोष्टकी पुस्तक लिहावयास बसतो, यात त्यांच्या स्वभावाची एक खूण दिसते. विद्या वापरात राहिली पाहिजे, असा या कुळाचा एकंदर कटाक्ष होता.

हे विज्जडविड कोणते, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. बंगळूरला राहणाऱ्या मराठी माणसाला हा वाद घरबसल्या ऐकावयास मिळतो. कन्नड मित्र म्हणतात, ते विजापूर आणि भास्कराचार्य आमचे. आपल्यापैकी कोणी बीडकडे बोट दाखवितो, कोणी खानदेशातील पाटणकडे. प्रस्तुत लेखकाचा कल पाटणच्या परिसराकडे आहे. विजापूर सह्याद्रीपासून बरेच दूर पडते, आणि कुळाचा दगडावर कोरलेला पुरावा पाटणला आहे, ही त्याची कारणे. तथापि बाराव्या शतकात कल्याणीचे चालुक्य, कलचुरी व देवगिरीचे यादव यांच्या राज्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. ग्रंथ तर संस्कृतात आहे. आजच्या राज्यांच्या सीमा त्या काळावर आखून मालकी ठरविणे व्यर्थ होय, असे आमचे मत. शिवाय श्रेढीगणितापुरते बोलावयाचे तर कर्नाटकाचे ऋण आधीचे आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला, त्यात श्रेढींचा विचार विस्ताराने आलेला आहे. त्या सम्राटाची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड.

आता प्रकरणाकडे वळू. श्रेढी म्हणजे ठराविक नियमाने वाढत किंवा घटत जाणाऱ्या संख्यांची ओळ. महाराष्ट्रातील दहावीच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी हे प्रकरण असते. येथील कन्नड माध्यमाच्या पुस्तकात त्यालाच समांतर श्रेढी म्हणतात आणि दुसऱ्या जातीच्या श्रेढीला गुणोत्तर श्रेढी. दोन्ही भाषांतील शाळकरी मुले आचार्यांच्याच पेटीतला शब्द वापरीत असतात. वर्गात तो कोणी सांगत नाही, इतकेच.

प्रथम परिभाषा. ओळीतील पहिल्या संख्येला आदि किंवा मुख म्हणावयाचे. दर पायरीला जितकी भर पडते तो चय. एकंदर पायऱ्या किती, ती संख्या म्हणजे गच्छ. शेवटची संख्या अंत्यधन, मधली मध्यधन, सर्वांची बेरीज सर्वधन. धन हा शब्द येथे सहज आलेला नाही. उदाहरणे बहुधा दानाची, म्हणजे पैशाची आहेत. एका दात्याने पहिल्या दिवशी चार द्रम्म दिले आणि पुढे दररोज पाच द्रम्म वाढवीत पंधरवडाभर दान केले, तर एकूण किती दिले? पंधरा आकडे लिहून बेरीज करणारा शिष्य आचार्यांना नको आहे. पंधराव्या दिवसापर्यंत वाढ चौदा वेळा झाली. चौदा पाचे सत्तर, त्यात आरंभीचे चार मिळविले की अंत्यधन चौऱ्याहत्तर. पहिला दिवस आणि शेवटचा दिवस मिळून अठ्ठ्याहत्तर, त्याचे निम्मे एकोणचाळीस हे मध्यधन. दुसरा दिवस व शेवटून दुसरा दिवस यांचीही बेरीज अठ्ठ्याहत्तरच भरते, तिसऱ्यांचीही तीच. म्हणजे दात्याने रोज सरासरी एकोणचाळीस द्रम्म दिले असे समजले तरी चालते. एकोणचाळीस गुणिले पंधरा, सर्वधन ५८५.

येथपर्यंत कोणताही बरा शिक्षक येईल. आचार्यांची खरी शिकवण यापुढे सुरू होते. आदि, चय, गच्छ आणि सर्वधन या चारांपैकी कोणतीही तीन माहीत असली की चौथी काढता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. आणि ते प्रत्येक अज्ञातासाठी वेगळा नियम व वेगळे उदाहरण देतात. एका उदाहरणात आदि लपविलेला आहे: बेरीज १०५, पदे सात, चय तीन. १०५ ला सातांनी भागले की मध्यधन पंधरा मिळते. मधले पद पहिल्यापासून तीन पायऱ्या पुढे आहे, तीन पायऱ्यांची वाढ नऊ, म्हणून आदि सहा. हे उदाहरण ते मुलाला उद्देशून घालतात. दुसऱ्यात चय लपविलेला आहे आणि तेथे दानाऐवजी युद्ध येते. शत्रूचे हत्ती हरण करण्यासाठी निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालला, पुढे रोज सारख्या प्रमाणात वेग वाढवीत सात दिवसांत ऐंशी योजने तोडून शत्रूच्या नगरापाशी पोचला. तर रोजची वाढ किती? सात दिवसांचे दोन-दोन मिळून चौदा गेले, उरली सहासष्ट. वाढीचे वाटे शून्यापासून सहापर्यंत, म्हणजे एकंदर एकवीस. सहासष्टांना एकवीसांनी भागा, उत्तर बावीस सप्तमांश. याच ग्रंथात वर्तुळाचा परीघ काढताना व्यवहारापुरते प्रमाण म्हणून आचार्यांनी हाच अपूर्णांक दिला आहे, आणि सूक्ष्म प्रमाण ३९२७ भागिले १२५० असे सांगितले आहे. हत्तींच्या मागे धावणाऱ्या राजाच्या पायांत बावीस सप्तमांश कसे आले, हा योगायोग की आचार्यांची खोडी, याचा निवाडा वाचकांनी करावा. आम्हांस ती खोडी वाटते.

सर्वांत कठीण म्हणजे गच्छ काढणे. तीन द्रम्मांपासून आरंभ, रोज दोनांची वाढ, एकूण दान ३६०. तर दिवस किती लागले? दिवसांची संख्या आणि त्यापेक्षा दोनाने मोठी संख्या यांचा गुणाकार ३६० व्हावयास हवा, इथवर मांडणी सहज होते. परंतु पुढे अज्ञाताचा वर्ग आडवा येतो. आचार्य दोन्ही बाजूंस एक मिळवावयास लावतात. डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे ३६१. त्याचे मूळ एकोणीस, त्यातून एक वजा, दिवस अठरा. हा वर्गसमीकरणाचाच विचार होय. बीजगणितातील कूट पद्धती पाटीगणित शिकणाऱ्या पोराच्या हाती त्याला न घाबरविता देण्याची ही हातोटी पाहिली की हा ग्रंथ इतकी शतके का पढविला गेला, ते उमगते.

यानंतर श्रेढीची जात बदलते. ठराविक रकमेची भर पडण्याऐवजी ठराविक पट होऊ लागते. येथे केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक विषयांतर करू द्यावे. चौथ्या वेतन आयोगाच्या काळात २२००-७५-२८०० अशा वेतनश्रेणी असत. आदि बावीसशे, चय पंचाहत्तर. आठ वाढींनंतर अठ्ठावीसशे, आणि तेथे कार्यक्षमतेचा अडसर. ही शुद्ध अंकगणिती श्रेढी होती. सहाव्या आयोगाने १ जानेवारी २००६ पासून वार्षिक वाढ वेतनाच्या तीन टक्के केली आणि सेवकवर्ग नकळत गुणोत्तर श्रेढीत जाऊन बसला. आरंभी फरक जाणवला नाही. गुणोत्तर श्रेढीचा हाच स्वभाव आहे, आणि आचार्यांचे पुढचे उदाहरण नेमके त्यावर बोट ठेवते.

एक दाता याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे महिनाभर रोज दुप्पट देण्याचे वचन देऊन बसतो. तर महिन्यात किती निष्क जातील? आचार्यांचे नाण्यांचे कोष्टक ग्रंथाच्या आरंभीच आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात २०,४८० कवड्या. दहा दिवसांत दात्याच्या हातून २,०४६ कवड्या जातात, दोन द्रम्मसुद्धा होत नाहीत. दाता निश्चिंत. वीस दिवसांत एकशे दोन निष्कांवर रक्कम जाते. तिसाव्या दिवशी संध्याकाळी हिशेब केला तर एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. सहा कवड्यांपर्यंतचा हिशेब सोडलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

इतकी मोठी संख्या पाटीवर धूळ पसरून काढावयाची कशी? दोनाला दोनाने एकोणतीस वेळा गुणीत बसावे लागेल काय? आचार्य त्यासाठी एक युक्ती सांगतात. तिचे मूळ फार जुने, पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. गच्छ विषम असेल तर एक वजा करून बाजूस गुण असे लिहावे. सम असेल तर निम्मे करून वर्ग असे लिहावे. शून्य येईपर्यंत हे करीत जावे. तिसाचे निम्मे पंधरा, वर्ग. पंधरातून एक गेला, चौदा, गुण. चौदाचे सात, वर्ग. सातातून एक, सहा, गुण. सहाचे तीन, वर्ग. तीनातून एक, दोन, गुण. दोनाचे निम्मे एक, वर्ग. एकातून एक, शून्य, गुण. आता एकापासून आरंभ करून खालून वर यावे. जेथे गुण तेथे दुप्पट, जेथे वर्ग तेथे वर्ग: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम झाले. त्यातून एक वजा करावा, एकाने कमी केलेल्या गुणकाने भागावे (येथे गुणक दोन, म्हणून भाजक एकच), आणि आदि जे दोन त्यांनी गुणावे. सर्वधन हाती आले. ताळा पाहावयाचा असेल तर दुसरे उदाहरण आहेच: आदि दोन, रोज तिप्पट, दिवस सात, उत्तर २,१८६.

या प्रकरणाच्या शेवटी आचार्य याच रीतीने वृत्तांचे प्रकार मोजतात. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरे, प्रत्येक लघु किंवा गुरू. म्हणून समवृत्ते २५६, अर्धसम ६५,२८० आणि विषमवृत्ते चार अब्जांहून अधिक. दानशूराच्या कवड्या आणि कवीची अक्षरे एकाच नियमाने मोजली जातात, हे त्यांना दाखवावयाचे आहे. कुळात कवी व गणिती दोन्ही झाल्याचा हा परिणाम असावा. आपल्या मंडळातील कित्येक घरांतील तरुण मुले या शहरात संगणकाच्या कामात आहेत. गुप्त संदेशांसाठी प्रचंड घात काढावयाचे असतात तेव्हा यंत्राला हीच वर्ग आणि गुण यांची रीत शिकविलेली असते. घरी त्यांना अवश्य विचारून पाहावे.

आचार्यांच्या इतर कर्तृत्वाविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. येथे एकाच गोष्टीचा निर्देश पुरे. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी लहानात लहान संख्या कोणती? बीजगणितात चक्रवाल पद्धतीने त्यांनी ती २२,६१,५३,९८० अशी काढून दाखविली. फ्रान्समध्ये फर्माने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला तो १६५७ साली.

पाटणचा उल्लेख वर आला आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये विद्वानांपुढे ठेवला. पुढे किलहॉर्न यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात तो पुन्हा संपादिला. त्यात या कुळाची ओळ सांगितली आहे. कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भोजराजाकडून विद्यापती पदवी मिळविणारे भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि सातवे आपले भास्कराचार्य. आठवे लक्ष्मीधर, त्यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. नववे चांगदेव, सिंघण यादवाचे राजज्योतिषी. नऊ पिढ्यांची ही श्रेढी. तिचा चय कोणी मोजावा?

चांगदेवांनी पाटणला मठ स्थापन केला. हेतू एकच: सिद्धान्तशिरोमणी आणि आजोबांचे व कुळातील इतरांचे ग्रंथ तेथे शिकविले जावेत. त्या प्रदेशावर यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे राज्य करीत होते. त्यांपैकी सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी मठाला दान दिले. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणाच्या वेळीच दान मिळावे, हे शोभून दिसते. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. परंतु मठाला नेमके काय मिळावयाचे हे सांगण्याची वेळ आली तेव्हा कोरणाऱ्याने जुनी मराठी वापरली. बाजारकराची बाब सर्वांना समजली पाहिजे, मग ती पंडितांच्या भाषेत कशाला?

या मठाचे आज तेथे काही चालू नाही. ग्रंथ मात्र टिकले, आणि ते वापरल्यामुळे टिकले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून तिच्यातील नियमांच्या उपपत्ती दिल्या. केरळातील शंकर वारियरांनीही त्याच शतकात तिच्यावर विस्तृत टीका आरंभिली. फैजीचे फारसी भाषांतर झाले. १८१६ मध्ये टेलर यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचे प्रसिद्ध झाले. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या भारतीय ज्योतिःशास्त्रात आचार्यांचा साक्षेपाने परामर्श घेतला. आणि भास्कर या नावाचे दोन उपग्रह याच बंगळूर शहरात घडविले जाऊन १९७९ व १९८१ मध्ये अवकाशात गेले. नाव देताना सातव्या शतकातील पहिले भास्कर आणि आपले दुसरे भास्कर या दोघांचे स्मरण ठेवले होते.

चाळीसगावकडे जाण्याचा योग आला तर पाटणादेवीच्या दर्शनाबरोबर मुलांना या शिलालेखाची हकीकत अवश्य सांगावी, आणि विशेषतः त्याच्या शेवटच्या मराठी ओळींची. बाजारात माल घेणाऱ्या ग्राहकांकडून राजाला मिळणारा कराचा वाटा त्या ओळींनी मठाकडे वळविलेला आहे. सुपाऱ्या किती द्यावयाच्या, तेही नोंदविलेले आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी, दर घाण्यामागे एक पळी याप्रमाणे, मठाला तेल द्यावयाचे आहे.